सायकलीचा तोल आणि घरी बनवावयाची आडवी सायकल

सायकल उभी कशी राहते, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी ‘वर बसणारा तोल सांभाळतो म्हणून’ असे उत्तर देतील, आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक चाळलेला एखादा ‘फिरत्या चाकास भोवऱ्याचा गुण असतो म्हणून’ असे सांगेल. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु ज्यास स्वतःच्या हाताने सायकल बनवावयाची आहे त्याचे काम ह्या दोहोंपैकी एकानेही भागत नाही. आणि तशी हौस असणारे विद्यार्थी आमच्या भांडुपात थोडे नाहीत. भंगारवाल्याकडून दोन मोडक्या सायकली आणाव्या, त्या कापून जोडाव्या, आणि जिच्यावर पाठ टेकून व पाय पुढे पसरून बसता येते अशी आडवी सायकल तयार करावी, असा बेत वरच्या वर्गांतील मुलांच्या तोंडून ऐकू येतो. पालकांस धास्ती वाटते ती वेल्डिंगच्या ठिणग्यांची आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरील वाहनांची. ती रास्तच आहे. परंतु अशा सायकलीचा खरा धोका पुढच्या चाकाजवळच्या चार बोटे जागेत असतो, आणि त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या चार बोटांचाच विचार करावयाचा आहे.

आधी एक लहानसा प्रयोग करावा. घरची सायकल सपाट जागी उभी करून तिची सीट एका हाताने धरावी व हँडल मोकळे सोडावे. आता सायकल हळूच डाव्या बाजूस कलती करावी. हँडल आपोआप डावीकडे वळते. उजवीकडे कलवावी, ते उजवीकडे वळते. चाक फिरत नाही, वर कोणी बसलेले नाही, तरीही सायकल जिकडे पडू पाहते तिकडेच तिचे पुढचे चाक तोंड फिरविते. तळहातावर बांबू उभा धरणारा मुलगा नेमके हेच करतो. बांबू पूर्वेस झुकला की तो हात पूर्वेस नेतो आणि बांबूचा तळ पुन्हा त्याच्या डोक्याखाली आणतो. चालती सायकल पडण्याच्या दिशेस वळते तेव्हा तिची चाकेही अशीच सरकून वर बसलेल्याच्या भाराखाली येतात. म्हणजे सायकल सरळ रेषेत कधीच चालत नसते. ती क्षणोक्षणी थोडी पडते आणि थोडी सावरते. पावसात ओल्या चाकांची उमटलेली रेघ पाहावी; तीत ही बारीक नागमोड स्पष्ट दिसते.

शाळांच्या क्रीडामहोत्सवांत सावकाश सायकल चालविण्याची जी शर्यत असते, तीत शेवटी पोहोचणारा जिंकतो. ती इतकी कठीण का, ह्याचे उत्तर ह्यातच आहे. हँडल ठरावीक अंशांनी वळविले असता चाके बाजूस किती जोराने सरकतील हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग निम्मा झाला की तेवढेच सावरण्यास हँडल चौपट वळवावे लागते. म्हणून वेगात जाणाऱ्याचे हँडल जवळजवळ स्थिर दिसते, आणि संथ शर्यतीतील स्पर्धक ते दोन्ही बाजूंस गरागरा फिरवीत असतो. अगदीच थांबला तर वळविण्याचा उपयोगच उरत नाही व पाय टेकावा लागतो.

ह्याच नियमाची दुसरी बाजू फार थोड्यांस ठाऊक असते. सायकल डावीकडे वळवावयाची असेल तर ती प्रथम डावीकडे कललेली पाहिजे; आणि ती तशी कलावी म्हणून हँडल क्षणमात्र उजवीकडे न्यावे लागते. हे आपण सर्वजण नकळत करतो. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचा मूळ धंदा सायकलींचाच होता, आणि त्यांतील विल्बर राइट ह्यास ही गोष्ट चांगली उमगली होती. पदपथाच्या अगदी कडेला चिकटून सायकल चालविणाऱ्यास कडेपासून दूर होता येत नाही ह्याचेही कारण हेच: दूर जाण्यासाठी आधी किंचित कडेकडे वळावे लागते, आणि तेथे जागा नसते. पालकांनी लहान मुलांस रस्त्याच्या कडेने जाण्यास सांगताना कडेपासून हातभर अंतर राखण्यासही सांगावे.

आता त्या चार बोटांकडे वळू. हँडलाचा दांडा ज्या नळीतून खाली चिमट्यास मिळतो ती नळी उभी नसून मागे कललेली असते. नेहमीच्या सायकलीत जमिनीशी तिचा कोन सुमारे ६८ ते ७३ अंश असतो. ह्या नळीची रेषा मनाने तशीच खाली जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाक जमिनीस टेकते त्या बिंदूच्या थोडी पुढे पडते. अर्थात चाकाचा टेकणारा बिंदू वळणाच्या रेषेच्या मागून ओढला जातो. ह्या दोन बिंदूंमधील अंतरास आपण ‘माग’ म्हणू. प्रवासी बॅगेची लहान चाके पाहिली असता मागाचे काम ध्यानी येईल. बॅग कोणत्याही बाजूस ओढा, चाक गर्रकन फिरून खुंट्याच्या मागे जाते आणि तेथेच राहते. सायकलीतही मागामुळे चाक चालण्याच्या दिशेस सरळ राहू पाहते, आणि सायकल कलली की त्याच मागामुळे ते कलण्याच्या बाजूस वळते. वरच्या प्रयोगात हँडल फिरविणारा अदृश्य हात तो हाच.

माग मोजणे सोपे आहे. कललेल्या नळीच्या बाजूस एक सरळ काठी लावून ती जमिनीपर्यंत आणावी व तेथे खडूची खूण करावी. मग चाकाच्या मध्यापासून गवंड्याचा ओळंबा सोडून दुसरी खूण करावी. दोन खुणांतील अंतर हा माग. तो साधारण ५ ते ७ सेंटिमीटर भरेल.

हे सर्व मागावर अवलंबून आहे की भोवऱ्याच्या गुणावर, ह्याविषयी शास्त्रज्ञांत पुष्कळ काळ मतभेद होता. १९७० साली डेव्हिड जोन्स ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मुद्दाम चालविता न येणारी सायकल बनविण्याचा चंग बांधला. त्याने पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेस फिरणारे दुसरे चाक बसविले. त्यामुळे भोवऱ्याचा गुण नाहीसा झाला, परंतु सायकल तशीच चालविता आली. हँडल सोडून चालविणे मात्र जड गेले. मग त्याने चिमटा उलटा बसवून माग वाढविला, तेव्हा ती सायकल इतकी स्थिर झाली की रिकामी ढकलून दिली तरी कितीतरी अंतर स्वतःच चालत गेली. शेवटी चाक पुढे सरकवून माग उलटा केला तेव्हा कोठे ती मनासारखी अवघड झाली. तरीही अगदी अशक्य झाली नाही. पुढे २०११ साली नेदरलंड व अमेरिका येथील संशोधकांनी ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात आणखी एक सायकल मांडली. तीत भोवऱ्याचा गुण नव्हता व माग किंचित उलटा होता, तरी ती रिकामी ढकलली असता स्वतःस सावरीत असे. तिच्यात पुढच्या भागाचे वजन वळणाच्या रेषेच्या पुढे आणि खाली ठेवले होते. त्यामुळे कलताना तो भाग लवकर पडे आणि चाकास पडण्याच्या बाजूस फिरवी. तात्पर्य, साधने अनेक असू शकतात. पण प्रत्येकाने करावयाचे काम एकच, ते म्हणजे पडण्याच्या बाजूस वळविणे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. मुंबई ते ठाणे व पुढे घाटापर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना जॉर्ज क्लार्क ह्या अभियंत्यास १८४३ साली भांडुपास आला असता सुचली, असे इतिहासात नमूद आहे. आणि १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली ती ह्याच गावावरून. आपल्या स्थानकावरून धावणाऱ्या त्या गाड्यांची चाके किंचित शंकूच्या आकाराची असतात. चाकांची जोडी रुळांवर डावीकडे सरकली की डावे चाक आपल्या मोठ्या घेरावर येते, उजवे लहान घेरावर, आणि जोडी आपोआप मध्यावर परत येते. चालकापाशी वळविण्याचे चाक नसताना गाडी मार्गावर राहते. आपले वाहन आपणच सावरील अशी रचना करणे, ही युक्ती सायकलीपेक्षा जुनी आहे.

असो. आडवी सायकल कोणी का बनवावी, हेही सांगितले पाहिजे. सायकल वेगात गेली की बसणाऱ्याची बहुतेक शक्ती हवा बाजूस सारण्यात खर्च होते, आणि आडवा बसलेला मनुष्य हवेस कमी अडवितो. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाच्या कारागिराने अशी सायकल बनविली, आणि तिच्यावर फ्रान्सिस फॉर ह्याने ७ जुलै १९३३ रोजी पॅरिस येथे एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. त्यापूर्वीचा उच्चांक ऑस्कर एग ह्याचा १९१४ सालचा होता, ४४.२४७ किलोमीटरचा. फॉर हा काही पहिल्या प्रतीचा खेळाडू गणला जात नसे. म्हणूनच गहजब झाला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची नवी व्याख्या केली आणि १ एप्रिल १९३४ पासून आडव्या सायकली शर्यतींतून बाद ठरविल्या. तो निर्णय आम्हांस न्याय्य वाटत नाही. कारखानदारांनी तिकडे पाठ फिरविली, आणि पुढची कित्येक वर्षे आडवी सायकल हौशी मनुष्यांच्या अंगणातच तयार होत राहिली. पाठीस वा मनगटास उंच सायकल सोसत नाही अशांस ती आजही वरदान वाटते.

परंतु मनुष्य आडवा केला की तोलाचे सगळे हिशेब बदलतात. पहिला बदल उंचीचा. तळहातावर बांबू धरणे सोपे आणि पेन्सिल धरणे जवळजवळ अशक्य, हा अनुभव सर्वांस आहे. आखूड वस्तू लवकर पडते. उभ्या सायकलीवर बसणाऱ्यासह सर्व भाराचा मध्य जमिनीपासून सुमारे १ मीटर उंच असतो असे धरू. आडवीत तो ६० सेंटिमीटरवर आला तर पडण्यास लागणारा वेळ सुमारे पाऊणपट होतो. म्हणजे सावरणेही तितक्याच त्वरेने झाले पाहिजे. आडवी सायकल बुटकी म्हणून अधिक स्थिर असणार, असा समज चारचाकी गाडीवरून होतो. दुचाकीस तो लागू नाही. एवढे खरे की बुटकीवरून पडलो तर कमी लागते.

दुसरा बदल शरीराचा. उभ्या सायकलीवर आपण कंबर हलवून, सीटवरून उठून, खांदे झुकवून बराचसा तोल साधतो. पाठ आसनास टेकली की हे सर्व उपाय संपतात आणि सगळा भार हँडलावर येतो. तिसरा बदल दोन चाकांमधील अंतराचा. पुढचे चाक पायडलांच्या पुढे ठेवले तर हे अंतर नेहमीच्या सायकलीच्या दीडपटीच्या आसपास जाते. अशी लांब सायकल शांत चालते, परंतु तेवढ्याच वळणास हँडलही दीडपट फिरवावे लागते, आणि पुढच्या चाकावर भार कमी राहिल्याने पावसाळ्यात तेलकट रस्त्यावर ते घसरते. चाक पायडलांच्या मागे, बसणाऱ्याच्या मांड्यांखाली घेतले तर सायकल आखूड व चपळ होते. पण वळताना टाच चाकास लागण्याचा संभव असतो.

ह्या सर्वांची परीक्षा घेणारे ठिकाण शोधावयास भांडुपाबाहेर जाण्याचे कारण नाही. स्थानकाच्या पश्चिमेस आपला गाव डोंगराच्या बाजूस चढत जातो. आडव्या सायकलीवर पायडलावर उभे राहता येत नाही, म्हणून चढावर ती मनुष्याच्या चालीने रांगते. आणि मंद वेगात हँडल किती फिरवावे लागते हे वर पाहिलेच. परत येताना तीच सायकल उतारावर बघता बघता वेग घेते, आणि तेथे हँडल जरासे थरथरले तरी भय. मंद वेगास आज्ञाधारक आणि भर वेगास शांत असे एकच पुढचे चाक असावे, हा पेच आहे. पूर्वेच्या सपाट रस्त्यावर उत्तम चाललेली सायकल पश्चिमेच्या चढावर निरुपयोगी ठरू शकते.

मुलांची चूक बहुधा येथे होते. आडव्या सायकलीस पुढे लहान चाक सोयीचे पडते, म्हणून २६ इंची चाक काढून २० इंची बसवितात, आणि नळीचा कोन व चिमट्याचा पुढचा बाक तसाच ठेवतात. हिशेब करून पाहू. चाकाच्या त्रिज्येस कोनाच्या कोज्येने गुणावे, त्यातून चिमट्याचा बाक वजा करावा, आणि उरलेल्यास कोनाच्या ज्येने भागावे, हा माग. टायरसह २६ इंची चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर, कोन ७२ अंश आणि बाक ४.५ सेंटिमीटर धरला तर माग ६ सेंटिमीटर येतो. त्याच जागी २५ सेंटिमीटर त्रिज्येचे लहान चाक आले की माग ३.४ सेंटिमीटरवर उतरतो. चार बोटांची दोन बोटे झाली! अशी सायकल उतारावर चंचल होते. उपाय दोन आहेत. बाक २ सेंटिमीटर इतका कमी असलेला चिमटा घ्यावा, की माग पुन्हा ६ होतो. किंवा नळी ६८ अंशांपर्यंत कलवावी, की तो ५.२ च्या पुढे जातो.

मग आणखी कलवून माग भरपूर का वाढवू नये, असे एखादा विचारील. लांब चिमट्याच्या मोटारसायकलींची चित्रे पाहून हा मोह होतो. पण नळी फार कलली की हँडल वळताच सायकलीचा पुढचा भाग खाली बसतो, आणि त्या वजनाने हँडल स्वतःच पुढे कोसळू पाहते. २५ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक, ६० अंशांची नळी आणि सरळ चिमटा घेतला तर माग १४ सेंटिमीटरच्या वर जातो, आणि हे कोसळणे वरील ७२ अंशांच्या सायकलीच्या सुमारे साडेतीनपट होते. उतारावर ती राजेशाही चालेल. चढावर तिचे हँडल सांभाळता सांभाळता हात भरून येतील.

हँडल चाकापासून दूर पडते म्हणून कित्येक लोक ते आसनाखाली ठेवतात व लोखंडी सळईने चिमट्यास जोडतात. ही योजना हातांस सुखाची आहे. तिच्यात एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. तोल सावरण्याचे वळण बहुतेक वेळ एक-दोन अंशांचेच असते. सळईच्या सांध्यांत तेवढी ढील राहिली तर नेमक्या गरजेच्या वेळी हँडल हलते आणि चाक हलत नाही. ही ढील रोज हाताने तपासावी. सांध्याचे बोल्ट कंपनाने सुटू नयेत म्हणून नायलॉनची कडी असलेले नट वापरावे.

ज्यांस हा सर्व खटाटोप नको त्यांनी तीन चाकांची करावी. बेअरिंगची चाके फळीस ठोकून उतारावर घसरणारी मुले हे कधीच जाणून आहेत की तीन चाकांस तोल लागत नाही. तिचे शास्त्र निराळे. पुढे दोन चाके असतील तर वळताना आतल्या चाकाने बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे, नाहीतर टायर घासून जातात. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

बनविण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम जमिनीवर खडूने पूर्ण मापाचे चित्र काढावे आणि बसणाऱ्यास त्यावर आडवे निजवून पायडल, आसन व चाक ह्यांच्या जागा ठरवाव्या. टाच चाकास लागते की नाही हे येथेच कळते. मग नळीचा कोन कोनमापकाने व माग दोऱ्याने दोनदा मोजावा. जोडकाम मुलांनी स्वतः न करता अनुभवी वेल्डरकडून करून घ्यावे. पाण्याचे जस्त चढविलेले नळ त्यासाठी वापरू नयेत. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा जो धूर निघतो त्याने ताप येतो. ब्रेक दोन्ही चाकांस असावेत.

सायकल उभी झाली की लेखाच्या आरंभीचा प्रयोग तिच्यावर करावा. आसनाजवळ धरून दोन्ही बाजूंस कलवावी व हँडल त्याच बाजूस, न अडखळता वळते का ते पाहावे. नंतर आसनावर वाळूची पिशवी घट्ट बांधून मैदानावर ढकलून द्यावी. ती पडेलच, परंतु पडण्यापूर्वी पुढचे चाक कोणत्या बाजूस गेले हे दोघातिघांनी नीट पाहावे. विरुद्ध बाजूस गेले तर वर कोणासही बसू न देता चिमटा बदलावा. योग्य बाजूस गेले तर मैदानातील अगदी सौम्य उताराची जागा निवडून, डोक्यास शिरस्त्राण घालून, पाय पायडलांवर न ठेवता जमिनीलगत लोंबते सोडून पहिल्या दहा-वीस फेऱ्या कराव्या. नवशिक्या मान उचलतो आणि हँडल ओढून धरतो. त्याने खांदे सैल सोडून पाठ आसनास पूर्ण टेकवावी, म्हणजे हात मोकळे राहतात. रस्त्यावर नेण्याची वेळ आली तर आसनामागे माणसाच्या उंचीची काठी लावून तिला भडक रंगाचे निशाण बांधावे, कारण बस व ट्रक ह्यांच्या चालकांस इतक्या खाली बसलेला मनुष्य दिसत नाही. आसनाची गादी शिवणे आणि रंग देणे ही कामे ह्या सर्व परीक्षांनंतरची. कारण पहिल्या आठवड्यात चिमटा निदान एकदा तरी उतरवावा लागतोच.